मनगट मोकळं पाहिजे

१३ ऑगस्ट, बुध.

ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. काल दुपारी. घरात सगळे रडतायत, कोणावर ओरडायचं कळत नाही, म्हणून इथे लिहिते. मखरं विकणाऱ्या शेठने दिलेली डायरी कोरीच पडली होती. चौथीपर्यंतच शिकले, जमेल तसं लिहीन.

काल भात टाकला होता. हे पडवीत मखराच्या पट्ट्या चिरत होते. मशीनचा आवाज एकदम दबला, मग ह्यांचा आवाज. धावले. मशीन चालूच. बंद कशी होणार, बटण दोरीने बांधलेलं. हातात धरायचं कटर उलटं करून प्लायच्या टेबलाखाली ठोकलंय, पातं तेवढं वर. बटण कोण दाबून धरणार, म्हणून कायमचं बांधून टाकलं. आमच्या सगळ्या खरवईत असंच करतात बोलतात. मला आत येऊन भिंतीवरचा स्विच बंद करावा लागला. तेवढ्यात जे व्हायचं ते झालं.

पातं थांबलं तेव्हा त्याच्यात लाल धागा गुंडाळलेला. घट्ट.

राखी. ह्यांच्या बहिणीने, लताने, शनिवारी बांधलेली, लांब गोंड्याची.

१४ ऑगस्ट

बोटं परत जोडता आली नाहीत.

सुनील भावजींनी फ्रीजमधला बर्फ पिशवीत ओतला आणि बोटं सरळ त्याच्यात टाकली. मी पण बघत होते, मलाही वाटलं बरोबर. इथून रिक्षा, मग उल्हासनगरपर्यंत गाडी. तिथल्या डॉ.नी पिशवी उघडली. मग बोलले, ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळायची, कोरड्या पिशवीत घालायची, मग ती पिशवी बर्फावर. बर्फ बोटाला लागायलाच नको होता.

भावजी बोलले, "आम्हाला कोण सांगणार?"

कोणी नाही. पातं कसं बदलायचं ते सांगायला गल्लीत दहा जण आहेत.

१७ ऑगस्ट, रवि.

माणसं येऊन जातायत. चहा करून हात दुखले. प्रत्येकाकडे कारण आहे. मशीन आणली तेव्हा नारळ फोडला नव्हता. शेजारच्यांची नजर. एक मामा तर बोलले, मशीन एकदा रक्त घेतेच, आता घेणार नाही. म्हणजे हप्ता भरला आमचा.

मी बोलले, राखी अडकली. पात्यात धागा होता, मी स्वतः सोडवला.

आई (सासूबाई) लगेच, "बहिणीच्या राखीला नाव ठेवू नको गो. राखी होती म्हणून दोनावर भागलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मामांनी पण.

हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. जागे होते. मला माहीत आहे जागे होते.

१९ ऑगस्ट

लताचा अंबरनाथहून रोज फोन. "वहिनी, दादा जेवला का? वहिनी, दादा हसला का?" राखी अडकली ते तिला सांगितलेलं नाही. आईंनी सगळ्यांना शपथ घातली. एकुलती एक बहीण, वेडी होईल बोलतात.

मला शपथ घातली नाही. मला डोळे दाखवले.

२१ ऑगस्ट, गुरु.

ड्रेसिंगला नेलं. बाकावर नुसते पट्ट्या बांधलेले हात बसलेले. डॉ. पट्टी सोडताना बोलत होते, मशीनजवळ मनगट मोकळं पाहिजे. धागा नको, घड्याळ नको, अंगठी नको, लांब बाही नको. हातमोजा तर नकोच, पातं कापडासकट हात ओढतं.

ह्यांनी विचारलं, "देवाचा धागा असला तर?"

डॉ. बोलले, "पात्याला काय कळतं कोणाचा आहे?"



२२ ऑगस्ट

काल आम्ही घरी नाही तोवर भावजींनी मशीन चालू केली होती. आज परत. शेठचा फोन सारखा. उल्हा.ला त्यांचं दुकान, आमची मखरं-देव्हारे तिथे जातात. माझ्याशी बोलले, "भाभी, बहुत बुरा हुआ. लेकिन काम तो चालू है ना?"

मी पडवीत गेले तर भावजी हातमोजे घालून उभे. नवे कोरे. मला दाखवतात, "बघ वहिनी, सेफ्टी."

"काढा आधी ते. डॉक्टरने काय सांगितलं?"

"डॉक्टर काय सुतार आहे?"

बोलता बोलता पात्याजवळचे तुकडे हाताने झटकत होते. पातं फिरतंय आणि हा माणूस हाताने झटकतोय.

मी विचारलं, कटरबरोबर पत्र्याचं झाकण आलं होतं, गार्ड, ते कुठाय? बोलले, "ते अडतं. पहिल्याच दिवशी काढलं." ठेवलं कुठे? त्यांनी मानेने वर दाखवलं. भिंतीवर देवाचा फोटो. त्याच्यापुढे अर्धगोल पत्रा. भोकात उदबत्त्या खोचलेल्या, खाली राख.

वर्षभर मीच तिथे उदबत्ती लावतेय. काय आहे ते कधी विचारलं नाही.

मी भिंतीचा स्विच बंद केला, लांब वायरचा बोर्ड गुंडाळला आणि तांदळाच्या डब्यात टाकला. वर तांदूळ. त्याच्याशिवाय मशीन पडवीत चालत नाही. भावजी बोलले, दुसरा आणतो. मी बोलले, आणा, मशीन पण न्या, तुमच्या हॉलमध्ये लावा. त्यांच्या बायकोला हॉलमध्ये चप्पल चालत नाही.



२७ ऑगस्ट, बुध. गणपती

शेठला निम्मीच मखरं गेली, ती पण हातकरवतीने केलेली. आमचा गणपती साध्या पाटावर. लोकांना मखरं करून देणारं घर. येणारे पाटाकडे बघतात, मग ह्यांच्या हाताकडे, मग मोदकांकडे.

लता आली. दादाचा हात धरून खूप रडली. मग डोळे पुसून विचारते, "दादा, राखी कुठाय रे?"

घरभर माणसं. 

हे बोलले, "हॉस्पिटलमध्ये काढली त्यांनी."

"फेकली?"

"काय माहीत."

आई माझ्याकडे बघत होत्या. मी मोदक वाढले.  

९ सप्टें., मंगळ.

पट्टी निघाली. कातडी गुलाबी, चकचकीत. हे सारखा हात खिशात घालतात.

आज बोलले, "वायर दे."

"कशाला?"

"किती दिवस बसू? सुनील एकटा किती करणार?"

"आणि हात?"

"आठ आहेत अजून."

हसले वर. मी हसले नाही. त्यांनी पण मग हसणं काढून घेतलं.

मी बोलले, वायर देते. आधी मशीन नीट करा. मला मशीनमधलं कळत नाही. हाताचं कळतं.

१५ सप्टें.

आठवडा गेला भांडणात. पण झालं. पात्यावर जाड काचेसारख्या प्लास्टिकचं झाकण, वरच्या आडव्या दांडीला टांगलेलं. पात्याच्या मागे पत्र्याची पातळ पट्टी उभी केली, चिरलेलं लाकूड परत मिटून पात्याला आवळू नये म्हणून. बटणाची दोरी कापली, पायाने दाबायचं बटण लावलं. पाय काढला की बंद. इलेक्ट्रिकवाला पोरगा बोलला, काकी, असं तर कोणीच नाही करत. मी बोलले, म्हणूनच कर.

भावजी दिवसभर कुरकुर. अडतं. दिसत नाही. वेळ जातो. मुद्दाम पात्याच्या सरळ रेषेत उभे राहून पट्टी ढकलत होते. पट्टी तिरकी झाली, पात्याने उचलून मागे फेकली. पोटात बसली. खाली बसले कळवळत.

हे इतकंच बोलले, "सुनील, बाजूला उभा राहत जा रे."

जुन्या पट्टीला खाच पाडून ह्यांनी ढकलायची काठी केली. आता छोटा तुकडा काठीनेच पुढे सारतात. डावा हात लांब टेबलावर. नजर सारखी त्या हाताकडे जाते त्यांची.

२० सप्टें.

रोज सकाळी दोघांचे हात बघते. पुढून, मागून. शाळेत बाई नखं बघायच्या तसं. अंगठी काढा, घड्याळ काढा, बाही वर. मग डब्यातून वायर.

भावजी बाहेर सांगतात, आमच्याकडे पोलीस चौकी आहे.

असू दे.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

मशीनची पूजा. काल पुसून घेतली, आज झेंडू. आईंनी कटरला लाल नाडा बांधला.  वायर डब्यात आहे, मशीन आज झोपलेली, काय बांधायचं ते बांधा. सकाळी मी सोडणारच.

दुपारी लता आली. कुलदेवीला जाऊन आली, दादासाठी नवस केला. तिथून गंडा आणला. लाल-काळा, जाड, गाठी मारलेला, दोन्ही टोकं बोटभर लोंबती. बोलली, "हा कापायचा नाही हां दादा. आपोआप तुटेल तेव्हा तुटेल."

आणि ह्यांनी हात पुढे केला. डावा.

मी तिथेच उभी होते, सोन्याची पानं हातात घेऊन. आईंनी माझ्याकडे बघितलंच नाही.

३ ऑक्टो., शुक्र.

सकाळी हे आले. "वायर."

"हात दाखवा."

उजवा दाखवला. डाव्याची बाही खाली ओढलेली. मी बाही वर केली.

हे बोलले, "आत खोचतो ना टोकं."

"राखी खोचली होती का?"

"हळू बोल. ती आत आहे."

लता ओट्याशी खोबरं किसत होती. राहायलाच आलीय. हे कानाशी येऊन बोलले, "आज नको. ती गेली की काढतो. तिचं मन मोडू नको."

राखीचं पण हेच. बहीण भाऊबीजेला बघेल, हातावर हवी. मन मोडायचं नाही. बोटं गेली तरी चालतील.

मी आत गेले. बोलले, लता, तुझ्या दादाची राखी हॉस्पिटलमध्ये कोणी काढली नाही. मशीनमध्ये गेली. तिच्यामागून हात गेला. पात्याला गुंडाळलेला धागा मी चाकूने सोडवला. तुझी काही चूक नाही, तुला मशीनचं काय माहीत. पण हा गंडा हातात असेपर्यंत वायर मिळणार नाही. आणि तो कापायचा तर आम्ही कोणी कापणार नाही.

कात्री तिच्यापुढे ठेवली.

बाहेरून आईंची हाक आली, "सूनबाई." एकदाच.

 लता रडली नाही. किसणी हातात तशीच. मग दादाकडे बघून विचारलं, "वहिनी खरं बोलते?"

 ह्यांचा हात परत खिशात.

आता दुपार झाली. जेवायला कोणी बसलं नाही. भावजी दोनदा डोकावून गेले. लता ओट्याशीच बसलीय, दादाचा हात मांडीवर घेऊन. बोटं नाहीत तिथे अंगठा फिरवतेय. कात्री तिच्याजवळ आहे, अजून उचललेली नाही.

वायर डब्यात आहे.