लाल आकडा ऐकू येत नाही

४ फेब्रुवारी

“बटण. बटण. चित्र. बटण.” — आमच्या लॅबची अख्खी वेबसाइट ताईच्या फोनने आज एवढ्यात गुंडाळली! आणि तिथला शब्द न् शब्द मी लिहिलेला. शेजारी बसून ऐकताना कान तापले माझे.

ताईची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलेजात इतिहास शिकवते. स्क्रीनवर जे असेल ते फोन तिला बोलून दाखवतो, तेही इतक्या भरधाव की आपल्याला नुसती किरकिर ऐकू यावी. ती मात्र त्यातूनही मुलांच्या चुका पकडते! पण रक्ताचा रिपोर्ट आला की भावजींना हाक मारावी लागते. कारण आमचा रिपोर्ट म्हणजे कागदाचा फोटो. फोन त्याला ‘चित्र’ म्हणतो आणि पुढे जातो.

“तू तिथे दिवसभर करतेस काय गं?” म्हणाली. चेष्टेतच. पण लागलं.

६ फेब्रुवारी

साहेबांकडे विषय काढला. नवी वेबसाइट महिनाअखेर सुरू व्हायची आहे. म्हणाले, “असे पेशंट येतात तरी किती आपल्या साइटवर?”

“आत शिरताच येत नाही, तर दिसणार कसे?” तोंडातून निघूनच गेलं! साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग — “शब्द तुझे आहेत, तूच सुधार. तारीख मात्र हलणार नाही.”

नवी साइट बनवणाऱ्या डिझायनरने कपाळावर हात मारला.

९ फेब्रुवारी

‘इथे क्लिक करा’ — पानभर हेच! इथे म्हणजे कुठे? ताई एका लिंकवरून दुसरीवर उड्या मारत जाते, मधलं वाक्य ऐकतच नाही. सगळ्या बदलल्या. ‘रिपोर्ट पाहा’. ‘तपासणीची वेळ ठरवा’. इतकं सोपं होतं!

११ फेब्रुवारी

फोटोंची वर्णनं लिहिली, म्हणजे फोन ती वाचेल. स्वतःवरच खूश होते. ‘कोवळ्या उन्हात आश्वासक हसणारी परिचारिका’. ताईला ऐकवलं.

“तिच्या हसण्याचं मी काय लोणचं घालू? उपाशीपोटी यायचं की नाही ते सांग!”

पोट धरधरून हसलो दोघी. परिचारिका नुसती शोभेची आहे, तिला फोनने गाळावं अशी खूण करून टाकली. इमारतीच्या फोटोखाली मात्र लिहिलं — ‘दार मागच्या बाजूला. पायऱ्यांना उजवीकडे कठडा.’ ताई म्हणाली, “हां! आता पोचले मी.”

१६ फेब्रुवारी

अडकलो. रिपोर्ट आता खऱ्या अक्षरांत आला, पण फोन तक्त्यातले आकडे नुसते ओततो. कशाचे, ते कळत नाही. त्यातून बिघडलेला आकडा आम्ही लाल करतो. लाल ऐकू येत नाही!

डिझायनरशी कडाक्याचं वाजलं. “लाल सगळ्यांना कळतो,” म्हणे. मी त्याचा स्क्रीन बंद केला आणि रिपोर्ट बोलता केला. “सांग, यातलं काय बिघडलंय?” त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा. मग कामाला लागला.

संध्याकाळी फोन म्हणाला — “हिमोग्लोबिन, नऊ, कमी.” डिझायनरने स्वतःहून चहा पाजला. त्या चिक्कूने!

२१ फेब्रुवारी

डोळे मिटून तपासणीची वेळ ठरवली. जमली!!

२८ फेब्रुवारी

सुरू झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर स्क्रीन काळा केला आणि आवाज मोठा. लावला होता स्वतःच्याच साखरेचा रिपोर्ट! “जास्त” — खणखणीत. अख्खं ऑफिस फिदीफिदी. साहेबही हसले. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “शब्द हिचे.”

एवढंच. पण मी घरी चालत नाही, तरंगत आले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे आता ताईला कुणाला विचारायला नको?” नको. खरंच नको! आईने डोळ्यांना पदर लावला आणि कांद्यावर ढकललं. कांदा चिरलेलाच नव्हता.

६ मार्च

ताई लॅबमध्ये येऊन रक्त देऊन गेली. एकटी. मला भेटलीसुद्धा नाही! “कसली तपासणी?” तर म्हणे, “अशीच.” रिपोर्ट ऐकलास का? “ऐकला.” कसा वाटला? मला आपलं माझ्या शब्दांबद्दल ऐकायचं होतं.

“स्पष्ट,” म्हणाली. ताईकडून एवढं म्हणजे पदकच. आज जेवणही दोन घास जास्त गेलं.

१० मार्च

सकाळी ताईचा फोन. “त्या रिपोर्टातली एक गोष्ट इतके दिवस माझ्या एकटीपाशी ठेवली होती. फार मजा आली गं! काल तुझ्या भावजींना सांगितली, आता तुला सांगते.” नीट ऐकू यावं म्हणून मी धावत जाऊन कुकर बंद केला.

“मावशी, ऐकतेयस ना?”