घरगुती कारणास्तव

सर, तुमच्या दहाव्याला मी आले होते ती काकूंसाठी, तुमच्यासाठी नव्हे. तेव्हा ओठांवर आलेलं गिळलं, ते आज लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. ऑफिस आता मी चालवते. पाटीवर नगरचं अहिल्यानगर करून घेतलं, तुमची लोखंडी कपाटं मात्र जागची हललेली नाहीत. बातमी अशी आहे की कामगारांचे एकोणतीस जुने कायदे गुंडाळून चार नवे आले, आणि कारखानदाराला आता प्रत्येक माणसाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आधीपासून कामावर असलेल्यांनाही द्यायचं आहे. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "देऊ की. तारीख आपणच घालणार ना?" तुम्ही गेलात, पण हे वाक्य काही गेलं नाही. राहात्याचा तो लॉजवाला, तुमचाच जुना पक्षकार, परवा फोनवर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना आजची तारीख टाका. जुनं उकरत बसू नका." पंधरा-पंधरा वर्षं त्याच्याकडे चादरी धुणाऱ्या बायका एका कागदाने आजपासून कामाला लागणार. ही विद्या तुम्हीच जिल्हाभर पेरलीत, सर.

मी काष्टीहून रोज एसटीने यायचे. बी.कॉम. झाले होते आणि कामगार सल्लागार म्हणजे कामगाराला सल्ला देणारा, इतकी माझी अक्कल होती. तुमच्याकडचा रिवाज पहिल्याच दिवशी कळला: आधी राजीनामा, मग नोकरी. नवा माणूस बाकावर बसायचा, मी त्याला कोरा कागद द्यायचे आणि सांगायचे, लिहा, "मी घरगुती कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे." अक्षर त्याचं, खाली सही त्याची, तारखेची जागा मोकळी. त्यांना वाटायचं, कामावर घेताना लिहून द्यायचा हा काहीतरी सरकारी कागद असेल. बरेच जण लिहिताना जीभ बाहेर काढायचे, एवढं मन लावून लिहायचे. मग तो कागद हिरव्या फायलीत जायचा, आणि मालकाला माणूस नकोसा झाला की तारीख घालून बाहेर यायचा.

दुसऱ्याच आठवड्यात मी घोळ घातला. मसाल्याच्या कारखान्यातल्या अकरा बायकांकडून मी कागद लिहून घेतले आणि सगळ्यांना उजव्या कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घालायला लावली. तारखेशिवाय अर्ज पुरा होत नाही, असं आमच्या शाळेत शिकवलं होतं. तुम्ही मालकासमोर ते अकराही कागद उभे फाडलेत. "तारीख आपण घालायची असते," म्हणालात. "तीच त्यांच्या हातात दिलीस तर आपल्याला इथं कशाला बसवलंय?" दुसऱ्या दिवशी त्या बायकांना पुन्हा बोलावलं. त्या नव्या साड्या नेसून आल्या. दोनदा बोलावलं म्हणजे कायम करणार, असं त्यांना वाटलं होतं. मी मान खाली घालून त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगितलं. त्या दिवाळीला तुम्ही बाकीच्यांना मिठाई दिलीत आणि मला चाकं फिरवून तारीख लावायचा रबरी शिक्का. "आता चुकणार नाहीस," म्हणालात. माझ्या आईने तो शिक्का लक्ष्मीपूजनात ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. तुम्ही माझ्या आईला कशाची पूजा करायला लावलीत, हे तुम्हाला ठाऊक होतं.

त्या अकराजणींतली एक अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तोवर नऊ वर्षं मिरची कुटायच्या खोलीत काढलेली बाई. सगळ्या बायकांना तोंडाला बांधायला कापड द्या, एवढंच तिने मागितलं होतं. मालकाचा तुम्हाला फोन आला, तुम्ही मला नुसती मान हलवून सांगितलंत, आणि मी फाईल काढून शिक्का मारला. दोन दिवसांनी ती ऑफिसात उभी आहे. पदराला मिरचीचा खकाणा आहे, मला शिंक येते आहे.

"बाई, म्या कवा दिला ओ राजीनामा?"

"सही तुमचीच आहे ना?" मी विचारते.

"सही माजीच हाय. पन घरगुती कारन म्हंत्यात. माझ्या घरात तर कायबी झालं न्हाई."

तुम्ही आतून आलात, तिला बसायला खुर्ची दिलीत, चहा मागवलात. "ताई, कागद बोलतो, आपण काय बोलणार," असं मऊ आवाजात म्हणालात. तिने चहा घेतला नाही. जाताना मला म्हणाली, "तुमीच सांगितलं हुतं लिवायला. म्या तुमच्या तोंडाकडं बघून लिवलं." तुम्ही बशीत ओतून तिचाही चहा प्यालात. वाया कशाला घालवायचा, म्हणालात.

लोक अजून सांगतात, सरांनी कधी लाच घेतली नाही, कधी आवाज चढवला नाही, दर गुरुवारी उपास केला. मला त्याचाच राग येतो. शिव्या देणारा माणूस परवडला, त्याच्यापासून लांब तरी राहता येतं. तुम्ही केसाने गळा कापायचात आणि करून सवरून नामानिराळे राहायचात, कारण शिक्का कायम माझ्या हातात असायचा. मी तुमचा तिरस्कार करते, सर. हे लिहायला एवढी वर्षं लागली, पण लिहून बरं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. माझ्याकडे एक मुलगी कामाला आहे. मुलगी म्हणते, पण आता तिचीच दोन मुलं शाळेत जातात. अकरा वर्षं झाली. महिनाभर आम्ही दुसऱ्यांची नेमणूकपत्रं काढतो आहोत, सगळी तीच टाइप करते. सोमवारी एका गठ्ठ्याला पिना लावता लावता म्हणाली, "मॅडम, माझं न्हाई का काढायचं?" मग खाली बघत सांगितलं की सुप्याला एका कंपनीत जागा निघाली आहे, कामगारांचे कागद बघायची, आणि अनुभवाचा पुरावा मागतात. "अकरा वर्षं केलं म्हनून सांगितलं, तर म्हनले कागद दाखवा." माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? माझ्याकडे दहा माणसं नाहीत, मला हा नियम लागतच नाही. दुसरं आलं, आजच्या तारखेचं देऊन टाकावं, म्हणजे सुप्याला काही चालणार नाही. ती गेली तर माझं ऑफिस बसेल, हे खरं आहे. तिच्याशिवाय मला कपाटातली एक फाईल सापडत नाही.

आणि तिला कामावर घेण्याआधी मीच तिच्याकडून हिरव्या फायलीसाठी एक कागद लिहून घेतला होता. घरगुती कारणास्तव. तुम्हाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, तेव्हा हे तुमच्या माथी मारता येणार नाही.

काल मी तिचं पत्र स्वतः टाइप केलं. अकरा वर्षांपूर्वीची खरी तारीख घातली. तुमच्या शिक्क्यातली वर्षं केव्हाच संपली, म्हणून पेनाने घातली. हिरव्या फायलीतला तिचा कागद काढला आणि उभा फाडला, तुम्ही फाडायचात तसा. इथपर्यंत माझं मला कौतुक वाटलं. पत्र आता या कागदाखाली आहे, खाली फक्त माझी सही राहिली आहे. सुप्याला उद्या दुपारपर्यंत कागद द्यायचे आहेत. सकाळपासून ती दोनदा दारात येऊन गेली. दोन्ही वेळा मी तिला सांगितलं, प्रिंटर बिघडलाय, माणूस येतोय. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. प्रिंटर चांगला चालू आहे.