अंड्यांवर नव्या वर्षाचं पाणी

यू वान,

उबवणीच्या पेटीचं झाकण उघडू नकोस. मोराची अंडी आज-उद्यात फुटतील. टकटक ऐकू आली तरी हात लावायचा नाही, पिल्लू आपलं आपण बाहेर येतं.

देवळातून आल्यावर तुझ्या आईंनी आपल्यावर शिंपडतात तसं नव्या वर्षाचं पाणी अंड्यांवरही शिंपडलं. शिंपडलं कसलं, वाडगाभर गार पाणी ओतलंच! मी ओरडलो, "मारलीत सगळी!" तेही सणाच्या दिवशी, शेजाऱ्यांच्या देखत. "आतल्या जिवांना आशीर्वाद नको? आणि घरजावयाने मला शिकवू नये," म्हणाल्या आणि ओल्या कपड्यांनिशी मावशीच्या गावाला चालत निघाल्या.

अंडी पुसून परत ठेवली आहेत. मी मोटारसायकलने त्यांच्या मागे जातोय. वाटेत पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवायला बादल्या घेऊन उभी आहेत, म्हणजे उशीर होणारच. चिकट भात टोपलीत आहे, जेवून घे.

आणखी एक. आईंनी सगळ्यात जास्त भिजवलेलं अंडं आत्ता आतून चिवचिवलं. मावशीकडे फोन करून हे सांगू नकोस. त्यांच्यासमोर उभं राहून मलाच सांगायचंय.

आय खम