एक फुल, एक हाफ

प्रिय बयो,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. रविवारी आपण बोलतो तेव्हा तुझा फोन स्पीकरवर असतो, जावईबापू शेजारी बसून माझी विचारपूस करतात आणि मी तुला काहीही विचारलं तरी तू ‘ठीक आहे गं’ म्हणतेस. गेल्या चार रविवारांत हे ‘ठीक’ मी मोजून अकरा वेळा ऐकलं. हाच शब्द मी तुझ्या बाबांच्या घरात वीस वर्षं वापरला आहे, त्यामुळे त्याच्या आड काय काय झाकता येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून फोन नाही, पत्र. डबा खाताना निवांत वाच. लांबण लागणार आहे, कारण तुझी आई बडबडी आणि इथे तिची बडबड कळणारं कुणी नाही.

आधी तुझं कौतुक करून घेते. हॉस्पिटलच्या बिलांच्या खिडकीत बसणारी, विमानात कधी पाय न ठेवलेली मुलगी परक्या देशातल्या एका बाईचं अख्खं वर्ष एका कागदावर कसं मांडू शकते, हे मला अकरा महिने झाले तरी उमगलेलं नाही. तो बारा रकान्यांचा लांबलचक कागद तू प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलास, तेव्हा मला वाटलं, पोरीची हौस. इथे आल्यावर तो शेगडीशेजारच्या फळीवर टाचण्यांनी लावला आणि एकेक गोष्ट त्याच्या बरहुकूम घडत गेली. पगाराचा आकडा ऐकून मी हुरळले होते. तू लिहिलं होतंस की कागदावरचा पगार विसर, कर आणि विमा कापून हातात पडेल तोच आपला. हातात पडला तो तुझ्या आकड्याच्या इतका जवळ की फरकात जेमतेम एक कप चहा आला असता. पहिला पगार महिन्याने नाही, चाळीस दिवसांनी मिळेल असं धरून तू पैसे बांधून दिलेस. तो एकेचाळिसाव्या दिवशी मिळाला. त्या दिवशी माझ्या पाकिटात दोन नाणी उरली होती आणि मी त्या कागदासमोर हात जोडून उभी राहिले, खोटं नाही सांगत.

आणि त्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरातल्या सूचना. दुकानात एक यंत्र आहे, रिकामी बाटली आत टाकली की पोटात काहीतरी गडगडतं आणि ते चक्क पैसे देतं. मी तोंडाचा आ करून बघत राहिले, शेवटी मागचा माणूस खाकरला. घरी येऊन पाहते तर तू लिहूनच ठेवलेलं, बाटल्या फेकू नकोस, पैसे परत मिळतात. केस घरीच काप, कात्री तुझीच आहे. किमती आपल्या पैशात करून बघायची खोड दोन महिन्यांत सोड, नाहीतर उपाशी राहशील. ही शेवटची सूचना मला फार उशिरा पटली. पहिल्या आठवड्यात एका फ्लॉवरची किंमत आपल्या पैशात केली आणि तो इतक्या हळूच जागेवर ठेवला, जणू तो झोपलाय. आता मी फ्लॉवर घेते, अगदी ताठ मानेने घेते.

कामाचं सांगते. इथल्या नाटकघराच्या कपडेपटात आम्ही नऊ जणी आहोत आणि एक म्हातारा टोप्या करणारा. त्यांची नाटकमंडळी आपल्याकडे दौऱ्यावर आली असताना पोशाखांच्या पेट्या भिजल्या, मी दोन दिवसांत चाळीस पोशाख उभे करून दिले आणि त्यावरून माझ्या नशिबाने ही उडी मारली, ते तुला माहीतच आहे. पण परवा जे झालं ते तुला माहीत नाही. मखमलीचा एक झगा दुरुस्तीला आला, शंभर वर्षांचा. अस्तर उसवलं तर आत शाईने सात नावं लिहिलेली. ज्या ज्या शिंपिणीने तो दुरुस्त केला तिचं तिचं नाव. प्रमुख बाईंनी माझ्या हातात लेखणी दिली. मी आपल्या लिपीत आठवं नाव लिहिलं, बयो. आजवर हजारो कपडे शिवले, पण हे कुणी शिवलं असं कुणी विचारलं नव्हतं. रात्रीच्या खेळाला तो झगा दिव्यांच्या उजेडात फिरताना मी पडद्याआडून पाहिला आणि मनात म्हटलं, त्याच्या आत मी आहे, हे इथे बसलेल्या हजार माणसांना माहीतही नाही.

खोलीही तूच जाहिराती वाचून निवडलीस. समोर बसचा डेपो, म्हणून भाडं कमी. घरमालकीण स्वतः तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली, खांदे एखाद्या पैलवानाचे आणि बोलणं मात्र अगदी हळू. थंडी सुरू झाली तेव्हा मी हीटर बंद ठेवून दोन स्वेटर घालून बसायची. तुझ्या कागदात हीटरचे पैसे होतेच, ते वाचवायचं डोकं माझं. एक दिवस तिने भिंतीवर हात फिरवून मला ओल दाखवली, मग तुझ्या कागदावर बोट ठेवलं, आणि हीटरची कळ फिरवून निघून गेली. तिला आपली लिपी येत नाही, पण हिशेब करणाऱ्या माणसाचा अक्षरांवरचा जोर तिला कळला असावा. तेव्हापासून तुझा शब्द मी मोडलेला नाही. एक रकाना सोडून.

तो बारावा रकाना. ‘फक्त स्वतःसाठी, साठवायचे नाहीत, द्यायचे नाहीत, खर्च करायचे.’ दर महिन्याला तू फोनवर विचारतेस आणि मी काहीतरी थाप मारते. खरं सांगू, मला खर्चच करता आला नाही. स्वतःसाठी म्हणजे काय घ्यायचं असतं ते कुणी शिकवलंच नाही. दुकानात जाते, एखादी शाल हातात घेते, तिची शिलाई उलटसुलट करून बघते, नावं ठेवते आणि परत येते. ते पैसे अकरा महिने डब्यात पडून आहेत. आणि तो डबा उघडला की मला विमानतळ आठवतो. तू मला सोडायला आली होतीस. परत जायच्या टॅक्सीचे पैसे मागायला तू जरा बाजूला झालीस आणि जावईबापूंना फोन लावलास. पाठमोरी होतीस, पण ‘टॅक्सीने येऊ का’ हे मला ऐकू आलं. तुझा पगार जावईबापूंच्या पगारापेक्षा कधीच कमी नव्हता, बयो. तुझं कार्ड मात्र त्यांच्या खिशात. ते आवाज चढवत नाहीत, हात उगारत नाहीत, सगळे म्हणतात जावई लाखात एक. पण बाराव्या रकान्याचा शोध लावणाऱ्या मुलीच्या घरात तिचा एकही रकाना नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि विमानात बसले.

आता खिडकीचं. रविवारी सकाळी मी खुर्ची ओढून डेपोसमोर बसते. गाड्या येतात, धुतल्या जातात, पाटी बदलून निघतात. आणि मला आपला तो दिवस आठवतो. तू सहा वर्षांची होतीस. भांडण कशावरून झालं होतं तेही आता आठवत नाही, एवढंच आठवतं की मी तुला उचललं, दोन कपडे पिशवीत कोंबले आणि स्टँडवर आले. माहेरी जायचं, ते कायमचंच. माझ्याजवळ एका तिकिटाचे पैसे होते. पाच वर्षांपर्यंत मुलांना तिकीट नसतं आणि तू अंगाने लहानखुरी, म्हणून मी ठरवलं होतं की पाच पूर्ण नाहीत असं सांगायचं. कंडक्टरने तुझ्या गालाला हात लावून तुलाच विचारलं. तू छाती काढून सांगितलंस, सहा पूर्ण झाली, सातवं चालू आहे. तो हसून म्हणाला, मग एक फुल, एक हाफ. मी पिशवी उचलली आणि आपण उतरलो. तुला म्हटलं, आपण नुसत्या गाड्या बघायला आलो होतो. मग बाकावर बसून आपण तासभर गाड्या बघितल्या, शेंगदाणे खाल्ले आणि घरी परत गेलो. त्या घरातून सुटेपर्यंतची पुढची तेरा वर्षं मी पुन्हा स्टँडवर गेले नाही. तुला मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही, आणि तूही पुन्हा कधी गाड्या बघायला जाऊया म्हणाली नाहीस. लहान होती, विसरली, असं मी धरून चालले.

तुझ्या कागदात एकच चूक आहे, असं मी अकरा महिने समजत होते. कुठलाही शहाणा माणूस आधी भाडं लिहितो. तू पहिला रकाना परतीच्या तिकिटाचा केलास, त्याच्याखाली दोन रेघा ओढल्यास आणि बजावलंस की उपाशी राहा पण याला हात लावू नकोस, मनात येईल त्या दिवशी कुणालाही न विचारता निघता आलं पाहिजे. आणि त्यातली रक्कम तिकिटापेक्षा जास्त होती. मला वाटलं, घाबरून वाढवून धरली असेल पोरीने. गेल्या आठवड्यात कागदपत्रं आवरताना माझं येतानाचं तिकीट सापडलं, त्यावर किंमत छापलेली. सहज तुझ्या आकड्याशेजारी ठेवून पाहिलं. मग पेन्सिल घेतली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा घरमालकिणीकडून करून घेतलं. तुझा आकडा म्हणजे बरोब्बर दीड तिकीट होतं. शेवटच्या नाण्यापर्यंत दीड.

सव्वीस वर्षं तू ते अर्धं तिकीट बरोबर वागवलंस. आपल्या तोंडून वय निघालं म्हणून आई अडकली, असं तू मनाशी धरलंस, आणि त्याची भरपाई माझ्या पहिल्या रकान्यात मुकाट्याने करून टाकलीस. एवढ्याशा जिवाने एवढं मोठं ओझं धरून ठेवावं आणि मला त्याचा पत्ताही लागू नये, याने मी जितकी चकित झाले तितकी इथल्या कुठल्याही गोष्टीने झाले नाही. ऐक आता, आणि हे डोक्यात पक्कं बसव. तू खरं बोललीस. खोटं मी बोलणार होते. कमी पडले ते माझे पैसे. तुझं वय जास्त नव्हतं.

हे पत्र लिहायचं कारण असं. काल मी डबा रिकामा केला. घरमालकिणीला घेऊन तिकिटांच्या ऑफिसात गेले आणि तुझ्या नावाचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं, सोबत जोडलं आहे. व्हिसासाठी प्रमुख बाईंनी दिलेलं आमंत्रणाचं पत्रही आहे. माझा पासपोर्ट काढताना तू ‘एका खेपेत दोन कामं’ म्हणत स्वतःचाही काढून घेतला होतास, तेव्हा मी का काढलास ते विचारलं नाही, आताही विचारत नाही. बेचाळीस दिवसांची रजा साठलीये, हे तूच मागे सांगितलंस. येण्याची तारीख ठरलेली आहे, परतीची मोकळी ठेवली आहे. बेचाळीस दिवसांनी जायचं की नाही, कुठल्या घरी जायचं, ते इथे खुर्ची ओढून समोरच्या गाड्या बघत तू ठरव, मी मध्ये बोलणार नाही, म्हणजे प्रयत्न करीन. हा खर्च बाराव्या रकान्यातलाच आहे, फक्त स्वतःसाठी केलेला, तेव्हा रागवायला जागा नाही. आणि पहिल्या रकान्याला मी हात लावलेला नाही. ये, आणि वाटेत कुणी वय विचारलं तर खुशाल खरं सांग. या वेळी माझ्याकडे पैसे आहेत.

तुझीच,
आई