कार्मेलीनबाईंचा कारल्याचा डबा

कार्मेलीनबाई,

कालचा कारल्याचा डबा ओट्यावर भरलेला दिसेल. रागावू नका. आठवडाभर तो रिकामा यायचा तो आवारातल्या कुत्र्यामुळे. काल त्यानेही तोंड फिरवलं.

घरांना आशीर्वाद देण्याचा आठवडा होता. उमरोळीत शिरा, बोईसरला केरळच्या मंडळींकडे पायसम, केळव्यात तर तीन घरी सांदणं. पवित्र पाणी शिंपडायचं आणि पुढे आलेली वाटी मागे सारायची, हे माझ्याच्याने होत नाही.

आता उपाशीपोटी पालघरला शुगर तपासायला चाललोय. रिपोर्ट तुम्ही बघालच, म्हणून आधीच कबूल केलं.

उद्याचं प्रवचन जिभेवरच्या संयमाबद्दल आहे. कृपा करून नेहमीसारखं पहिल्या बाकावर बसू नका, नाहीतर मला विषय बदलावा लागेल.

फादर ऑस्टिन