वारा फिरायची वाट न बघता

लाईल,

तू कुरणावरून परत येशील तेव्हा मी बाबांना घेऊन व्हँकूवरच्या वाटेवर असेन. रेडिओवर सांगितलंय, यंदा सगळा उन्हाळा वणव्यांचा धूर राहणार आणि पावसाविना नुसती विजांची वादळं होणार. तू म्हणशील, "घाबरवतात लेकाचे, वारा फिरेल." गेल्या वर्षीही हेच म्हणालास. वारा फिरला, पण आपल्या आईला पुरल्यावर. बाबांची छाती कालपासून तिच्यासारखीच वाजतेय.

गाई नदीकडे हाकल्यात. ठिणग्या उडून येतील, छपरावर पाणी मारत राहा. रस्सा फ्रीजमध्ये आहे.

गाडीत बसताना बाबांनी विचारलं, "लाईल येतोय ना?" मी म्हणाले, "येतोय मागून." तुझ्या वतीने यापुढे मी खोटं बोलणार नाही. येणार नसशील तर त्यांना तुझ्या तोंडाने सांग.

वर्ना