कणगीवरच्या वहाणा

अहो,

'प्रिय' लिहिणार होते, पण तुम्ही हसला असतात. म्हणून नेहमीसारखंच 'अहो'. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली आणि आज पत्र लिहायला बसले, ती रागाने. तुमच्या धाकट्या भावाचं, रघुनाथभाऊजींचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. तुमच्यासारखंच, सरकारी कार्डावर. आज त्यांना तपासायला संगमनेरला नेलं होतं.

तिथं एका खोलीत काय बघितलं, सांगू? छातीवर टाक्यांचे व्रण असलेली माणसं चक्क चालत होती! एक आजोबा तर पायरी चढत-उतरत होते आणि एक मुलगी त्यांची नाडी बघत उभी. मी म्हटलं, "आगं, मारतीस का काय त्यास्नी?" ती हसली. "आजी, पडून राहिल्यानंच मानूस खचतो. रोज थोडं थोडं वाढवायचं. आमी हाय ना बघायला."

मला तुमची बाज आठवली.

तुम्ही! अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस! ऑपरेशनहून घरी आलात आणि अख्खं गाव भेटायला लोटलं. बिस्किटाचा पुडा ठेवायचा, छातीकडे बघून चुकचुकायचं आणि निघताना बजावायचं, "आता बाजंवरून उठायचं न्हाई हां." तुम्ही ओट्यापर्यंत गेलात तरी शेजारची सखूबाई ओरडायची. आणि मी काय केलं? तुमच्या वहाणा कणगीवर लपवल्या. काळजीपोटीच लपवल्या हो.

"आगं, माज्या वहाना कुठं गेल्या?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, "कुत्र्यानं नेल्या." पुन्हा विचारलंत, पुन्हा कुत्रं! गावात एवढी वहाणा खाणारी कुत्री कुठून आली, असं एकदाही म्हणाला नाहीत. एरवी भाजीतल्या मिठावरूनही वाद घालायचात. तेव्हाच बरे शहाण्यासारखे गप्प बसलात!

पायांच्या काड्या झाल्या. शेवटी मोरीपर्यंत जातानाही धाप लागायची. व्यायाम केला असता तर तुम्ही आज असतात, असं मला कुणी डॉक्टरने सांगितलेलं नाही. पण ते महिने आढ्याकडे बघत गेले नसते, एवढं तर मलाही कळतं.

मात्र सगळा दोष मी एकटी घेणार नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर अगदी शेवटी एक ओळ होती, व्यायामासाठी येत राहा. मी तेव्हा दवाखान्यात कार्डाच्या खिडकीवर विचारलंही होतं. आज भाऊजींसाठी पुन्हा विचारलं, तर शब्दशः तेच उत्तर. "मावशी, कार्डात ऑपरेशन बसतं. ह्यो व्यायाम न्हाई बसत."

म्हणजे छाती उघडून द्यायला सरकार, आणि माणूस पुन्हा उभा कुणी करायचा? सखूबाईने? मी विचारलं, "आन आमच्या अकोल्याच्या दवाखान्यात शिकवनारं कुनी हाय का?" खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "अर्ज करा."

मग केला अर्ज. हा व्यायाम कार्डात बसवा आणि तालुक्यातच शिकवा, असं लिहिलंय. ग्रामसभेत वाचणार आहे, सह्या घेणार आहे. माझं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पण भाऊजी आहेत ना अजून!

घरी येऊन भाऊजींनी चपला काढल्या तर काय, जाऊबाईंनी त्या लगेच पिंपामागे दडवल्या! मला हसू आलं आणि मग रडूच आवरेना. त्यांना मी काय बोलणार?

त्या मुलीने किती चालायचं, कधी थांबायचं, ते कागदावर लिहून दिलंय. कणगीवरून तुमच्या वहाणा काढून पुसल्या. उद्या सकाळी भाऊजी त्याच घालून माझ्याबरोबर मारुतीपर्यंत येणार आहेत. जन्मभर लोकांची पत्रं तुम्ही पोचवलीत, हा अर्ज मी पोचवीन. एका टेबलावर अडला तर पुढच्या टेबलावर जाईन, पण पोचवीन, हा माझा शब्द.

आणि वाटेत कुणी "पडून राहा" म्हणालंच, तर त्याच्या वहाणा जातील कणगीवर.

तुमचीच,
कुत्र्यावर आळ घेणारी
यमुना